दुकानातील पदवीधर : शिक्षणाचे मोल आणि कामाचे मोल



पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी या पेठांत परगावचे हजारो तरुण स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी येऊन राहिलेले आहेत. कोणी परभणीचा, कोणी बीडचा, कोणी बुलढाण्याचा, तर कोणी थेट गडचिरोलीचा. एका खोलीत चार-पाच खाटा आणि त्यांतील एक आपली, या व्यवस्थेला तेथे ‘कॉट बेसिस’ असे नाव आहे. खाटेचे भाडे, दोन वेळची मेस, अभ्यासिकेचे मासिक शुल्क, पुस्तके आणि सराव परीक्षा हा सारा खर्च गावाकडून येणाऱ्या पैशांत भागत नाही. शिवाय पहिली दोन वर्षे उलटली की गावाकडे पैसे मागण्याचा संकोच वाटू लागतो. मग यांतील काही जण अर्धवेळ कामाच्या शोधास लागतात. पेठांपासून चालत जाण्याच्या अंतरावर लक्ष्मी रस्ता आहे; आणि लक्ष्मी रस्त्यावर दुकानांना काय तोटा?

अशा तरुणांपैकी एक डोळ्यांपुढे आणावा. तो कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हे. परंतु येथे बसलेल्या अनेकांना तो ओळखीचा वाटेल. वय २७, रसायनशास्त्रात एम.एस्सी. दुपारी चार ते रात्री नऊ तो साड्यांच्या दुकानात उभा असतो. वरच्या फळीवरच्या साड्या काढावयाच्या, उलगडून दाखवावयाच्या आणि गिऱ्हाईक उठून गेले की पुन्हा घडी घालून जागच्या जागी ठेवावयाच्या, हे त्याचे काम. एका गिऱ्हाइकापुढे तीस साड्या उलगडल्या जातात, त्यांतील एक विकली जाते, आणि उरलेल्या एकोणतीस घड्या याच्या वाट्यास येतात. दुकानात त्याला नावाने हाक मारणारे कोणी नाही. ‘ए पोरा’ एवढी हाक पुरते. गावी फोन केला म्हणजे तो आईला सांगतो, की एका कंपनीत संध्याकाळचे काम मिळाले आहे.

दुकानाचा मालक मनाने वाईट नाही. उलट एखादे सुशिक्षित कुटुंब खरेदीला आले की तो कौतुकाने सांगतो, ‘हा आमच्याकडचा मुलगा एम.एस्सी. झालेला आहे बरं का!’ गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहते, क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘अरेरे!’

मालकाने केलेल्या कौतुकाचा आणि गिऱ्हाइकाने दाखविलेल्या सहानुभूतीचा हा परिणाम त्या तरुणाच्या मनात रात्री कॉटवर अंग टाकल्यानंतरही रेंगाळतो. कोणी अपमान केला असता तर रागावता तरी आले असते. येथे तर कोणीच वाईट वागलेले नाही. मग मनाला लागले ते काय? त्या एका ‘अरेरे’मध्ये काय काय सामावलेले आहे, याचा उलगडा करावा, एवढ्यासाठीच हे व्याख्यान आहे.

‘एवढे शिकून येथे घड्या घालतो आहे’ हे वाक्य असा तरुण मित्रांजवळ बोलून दाखवितो. त्यात दोन तक्रारी एका श्वासात आलेल्या असतात. पहिली अशी, की शिक्षण वाया जात आहे. दुसरी अशी, की काम जे चालले आहे त्याला किंमत नाही. या दोन तक्रारींची कारणे निराळी आहेत आणि त्यांवरचे उपायही निराळे आहेत. पहिलीचा उपाय दुकानाच्या चार भिंतींत सापडणारा नाही. दुसरीचा मात्र बराचसा तेथेच आहे. दोहोंची गल्लत झाली म्हणजे तरुण कुढत राहतो, मालक ‘शिकलेली मुले टिकत नाहीत’ असे म्हणत राहतो, आणि काउंटरवर काहीच बदलत नाही.

पहिली तक्रार फार जुनी आहे. सुशिक्षितांच्या बेकारीचा शोध घेण्यासाठी संयुक्त प्रांताच्या सरकारने सर तेजबहादुर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती व तिचा अहवाल १९३५ मध्ये आला. त्या काळी पदवीधर म्हणजे लाखांत एखादा असे आज वाटते. पण त्या एखाद्यालाही काम नव्हते. १९६९ मध्ये मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयार्ड आणि मॉरीन वुडहॉल या तीन अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील पदवीधरांच्या बेकारीची कारणे या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुढे १९७६ मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड डोर यांनी ब्रिटन, जपान, श्रीलंका व केनिया या देशांचा अभ्यास करून पदव्यांच्या या हव्यासाला ‘पदविकेचा रोग’ असे नाव दिले. त्यांच्या विवेचनाचा गाभा साधा आहे. नोकऱ्या थोड्या आणि उमेदवार फार झाले, की निवड करणाऱ्याला चाळणी लागते, आणि शिक्षण ही सर्वांत सोपी चाळणी असते. काल ज्या कामाला मॅट्रिक चालत होता त्याला आज पदवीधर मागितला जातो. काम तेच असते, फक्त दारावरची पाटी बदलते. पाटी बदलल्याचे पाहून पुढची पिढी आणखी एक पदवी घेते, आणि चाळणीची भोके आणखी बारीक होतात.

या चक्राचे आजचे रूप आकड्यांत पाहावयाचे असेल तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांचा २०२४ चा भारतविषयक रोजगार अहवाल पुरेसा आहे. २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के होते, तर पदवीधर तरुणांत ते २९.१ टक्के होते. याचा अर्थ शिक्षणाने माणूस निरुपयोगी होतो असा कोणी काढू नये. ज्याला घरी बसून राहणे परवडतच नाही तो मिळेल ते काम धरतो, म्हणून बेकारांच्या यादीत दिसत नाही; पदवीधर काही काळ वाट पाहतो, म्हणून दिसतो. आणि वाट पाहणे संपले, की तोही यादीतून बाहेर पडतो आणि लक्ष्मी रस्त्यावर, दादरला किंवा नागपूरच्या सीताबर्डीवर एखाद्या काउंटरमागे उभा राहतो. त्या दिवसापासून आकडेवारी त्याला ‘रोजगारप्राप्त’ समजते.

अर्थात एम.एस्सी. झालेल्या तरुणाला प्रयोगशाळेत काम न मिळणे हा साडीच्या दुकानदाराचा दोष नव्हे आणि त्या तरुणाचाही नव्हे. ही गोष्ट त्या तरुणाला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावयास हवी, कारण बहुधा तो रात्री स्वतःलाच दोषी धरीत असतो.

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. या तरुणाच्या शेजारी त्याच दुकानात एक जुने सेल्समन उभे असतात. शिक्षण नववीपर्यंत, दुकानात उमर गेलेली. गिऱ्हाईक पायऱ्या चढत असतानाच ते ओळखतात, की हे लग्नाचा बस्ता बांधावयास आले आहे की नुसते भाव काढावयास. आई, मुलगी आणि होणारी सासू अशा तिघी आल्या तर खरा निर्णय कोणाचा, हे त्यांना दुसऱ्या साडीला समजलेले असते; मग ते साडी कोणापुढे उलगडतात आणि बोलतात कोणाशी, ते पाहण्यासारखे असते. पैठणीचा पदर ते आधी उलटा करून दाखवितात. हातमागावर विणलेल्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या पैठणीच्या पाठीमागे सुटे धागे लोंबतात किंवा ते धरून ठेवण्यासाठी अस्तरासारखी जाळी लावलेली असते. इरकलीचा काठ, नारायणपेठीचा पोत, महेश्वरीचा हलकेपणा हे सारे त्यांच्या बोटांना ठाऊक असते. कोणत्या फळीवर कोणत्या रंगाचे किती नग उरले आहेत, हे त्यांना यंत्रात पाहावे लागत नाही.

हे ज्ञान नव्हे काय? ते मिळविण्यास जितकी वर्षे लागली तितक्या वर्षांत दोन पदव्या सहज झाल्या असत्या. पण गिऱ्हाईक या गृहस्थांकडे पाहून ‘अरेरे’ म्हणत नाही. म्हणजे त्या उद्गाराचा खरा अर्थ असा होतो, की हे काम नववी झालेल्याला शोभते, तुला शोभत नाही. त्यात पदवीची कदर आहे असे वाटते; वस्तुतः त्यात कामाची बेकदर आहे. आणि दुःखाची गोष्ट ही, की तो पदवीधर तरुण जेव्हा ‘एवढे शिकून’ असे म्हणतो तेव्हा तोही नकळत शेजारच्या माणसाला हेच ऐकवीत असतो. त्या जुन्या सेल्समनच्या पगाराचा आकडा या तरुणाच्या पगारापेक्षा फारसा मोठा नसतो. त्यांच्याजवळ पदवी नाही. तरीही त्यांचे मोल झालेले नाही. अवमूल्यनाचे कारण पदवी वाया जाणे हेच असते तर त्यांच्या वाट्याला ते यावयास नको होते.

याची उलट बाजू औषधांच्या दुकानात पाहावयास मिळते. १९४८ च्या औषधनिर्माणशास्त्र कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून किंवा मिसळून देण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत औषधनिर्मात्यालाच आहे. तेथे पदवी किंवा पदविका ही चैन नसून कायद्याची अट आहे. दोन औषधे एकत्र घेतल्याने काय बिघडेल हे जाणणारा माणूस तेथे हवाच. तरीही कित्येक ठिकाणी त्याला खोकी उतरविणारा आणि सुटे पैसे मोजणारा यांपलीकडे कोणी ओळखीत नाही, आणि गिऱ्हाईक तर त्याला ‘मेडिकलवाला’ म्हणूनच हाक मारते. म्हणजे पदवी आवश्यक असो वा नसो, काउंटरमागे उभे राहिले की माणसाचे मोल घटते, अशी आपल्या समाजाची काहीतरी रीतच पडून गेली आहे.

येथे श्रमप्रतिष्ठेचा उल्लेख होणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्राला ही कल्पना नवीन नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र प्रत्यक्षात आणून दाखविले. त्यांच्या संस्थेतील मुले शेतात आणि बांधकामावर राबली, आणि त्यांतूनच शिकून मोठी झाली. मात्र त्या योजनेतील एक गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. तेथे श्रम करणाऱ्या मुलाला त्याच्या श्रमाचे फळ डोळ्यांपुढे दिसत होते. त्या श्रमावरच त्याचे शिक्षण उभे होते, आणि ज्यांच्यासाठी तो राबत होता ती माणसे त्याला नावाने ओळखत होती. श्रमप्रतिष्ठेचा उपदेश आज बहुधा श्रम करणाऱ्यालाच केला जातो. ज्याच्यासाठी श्रम केले जातात, त्या मालकाला आणि गिऱ्हाइकाला तो कोणी करीत नाही. साडी घेऊन पायऱ्या उतरताना ‘छान दाखविल्या हो साड्या’ एवढे चार शब्द मागे वळून म्हणणारी गिऱ्हाइके किती असतात, याचा हिशेब कोणत्याही दुकानात दहा मिनिटे उभे राहून करता येईल.

मालकवर्गाचा अनुभव असा सांगण्यात येतो, की जास्त शिकलेला माणूस कामात रमत नाही आणि टिकतही नाही. या अनुभवात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. बेरिन एर्दोगान आणि तल्या बाउअर या संशोधक महिलांनी तुर्कस्तानातील एका दुकानसाखळीतील २४४ विक्रेत्यांचा अभ्यास करून २००९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपण या कामाच्या मानाने जास्त पात्र आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांची विक्री इतरांपेक्षा चांगली होती. म्हणजे मन लागत नसले तरी हात कमी पडत नव्हते. मात्र असे विक्रेते असमाधानी असण्याचा आणि नोकरी सोडून जाण्याचा संभव अधिक होता. यापुढचा निष्कर्ष लक्षात घेण्याजोगा आहे : ज्या विक्रेत्यांना आपल्या कामात स्वतः निर्णय घेण्यास वाव आहे आणि आपल्या शब्दाला काही वजन आहे असे वाटत होते, त्यांच्या बाबतीत हा दुष्परिणाम जवळजवळ दिसेनासा झाला. पदवी तीच, काउंटर तोच. फक्त थोडा अधिकार हाती आला होता.

साडीच्या दुकानात असा अधिकार म्हणजे काय? फार मोठे काही नाही. गिऱ्हाइकाने साडी बदलून मागितली तर शेठजींच्या तोंडाकडे न पाहता ती बदलून देता यावी. दर्शनी काचेत काय लावावयाचे हे आठवड्यातून एकदा त्याने ठरवावे. कोणता माल सहा महिने फळीवर पडून आहे, याची नोंद ठेवून खरेदीच्या वेळी त्याचे मत विचारले जावे. रसायनशास्त्र शिकलेला तरुण रंगांविषयी काही जाणत असणारच; कोणत्या कापडाचा रंग घामाने उतरतो, कोणते धुण्याने विटते आणि गिऱ्हाइकाला कोणती काळजी सांगावी, हे तो जुन्या सेल्समनच्या बरोबरीने बसून लिहून काढू शकेल. त्या वेळी नववी झालेले ते गृहस्थ आणि हा एम.एस्सी. यांच्यात कोण शिक्षक आणि कोण विद्यार्थी, हे सांगणे कठीण होईल. आणि त्याला नावाने हाक मारावी. यास तर एक पैसाही लागत नाही.

अर्धवेळ कामाचे म्हणून काही निराळे प्रश्न आहेत. पुष्कळदा अर्धवेळ हा शब्द पगारापुरता असतो. श्रावण सुरू झाला की चार ते नऊचे दोन ते दहा होतात. दिवाळीच्या पंधरवड्यात सकाळी यावे लागते आणि रात्री केव्हा सुटका होईल याचा भरवसा नसतो. उद्या किती वाजता यावयाचे हे आज रात्री शटर ओढताना कळते. ज्याने अर्धवेळ काम अभ्यासासाठीच पत्करले त्याच्या दृष्टीने पगारात शंभर-दोनशे रुपये कमी मिळण्यापेक्षा ही अनिश्चितता अधिक घातक असते. मुलांना शाळेत पोचवून जवळच्या दुकानात चार तास उभ्या राहणाऱ्या शिकलेल्या गृहिणीचीही हीच अडचण आहे. तिला तर अर्धवेळ कामावाचून दुसरा मार्गच नसतो, आणि शाळा सुटण्याची वेळ काही तिच्यासाठी पुढे ढकलली जात नाही.

वेळापत्रक आधी ठरविले तर धंदा बसेल, ही भीतीही पारखून पाहिली गेली आहे. अमेरिकेत ‘गॅप’ या कपड्यांच्या कंपनीच्या शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातील काही दुकानांत संशोधकांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कामाच्या वेळा अधिक स्थिर आणि आधी ठाऊक असलेल्या दुकानांत विक्री सुमारे ७ टक्क्यांनी आणि कामगारांची उत्पादकता सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. कारण उघड आहे. जुने, जाणते विक्रेते नेमके गर्दीच्या वेळी काउंटरवर होते. सॅन फ्रान्सिस्को शहराने तर मोठ्या दुकानसाखळ्यांना दोन आठवडे आधी वेळापत्रक देण्याचे बंधन २०१४ मध्येच घातले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९४ मध्ये अर्धवेळ कामाविषयी १७५ क्रमांकाचा करार संमत केला. कामाचे तास कमी आहेत एवढ्याच कारणाने ताशी मोबदला कमी असू नये, हे त्याचे एक मुख्य तत्त्व होय. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही. तथापि तत्त्व म्हणून ते अंगीकारण्यास कोणत्याही दुकानदाराला कोणाची परवानगी काढावी लागत नाही.

कायद्याची आपल्याकडील बाजू थोडक्यात सांगावयास हवी, कारण पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या कित्येकांना ती ठाऊक नसते. दुकाने व व्यापारी आस्थापना हा किमान वेतन ठरविला जाणारा उद्योग आहे. महाराष्ट्रात त्यासाठी परिमंडळे पाडलेली आहेत आणि कुशल, अर्धकुशल व अकुशल असे कामगारांचे वर्ग केलेले आहेत. दुकानात दोन माणसे असोत की दोनशे, किमान वेतन चुकत नाही. २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील बऱ्याच तरतुदी लहान दुकानांना लागू होत नाहीत हे खरे. पण वेतनाचे तसे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चारही कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यांत प्रत्येक कामगाराला लेखी नियुक्तिपत्र देण्याची आणि उभ्याने काम करावे लागणाऱ्यांसाठी बसण्याची सोय करण्याची तरतूद आहे. बसण्याच्या या साध्या गोष्टीसाठी केरळातील कापड दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना फार झगडावे लागले. कोळिकोड येथील पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने त्यांना संघटित केले, आणि २०१८ मध्ये केरळने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांचा बसण्याचा हक्क मान्य केला; २०२१ मध्ये तामिळनाडूने तोच मार्ग धरला. गिऱ्हाईक नसतानाही स्टुलावर टेकू नये, असा दंडक ज्याने कोणी प्रथम घातला असेल त्याने स्वतः पाच तास उभे राहून पाहिले असेल असे वाटत नाही.

किमान वेतनातील वर्गवारीसंबंधी एक गोष्ट अशी, की तेथे तोलले जाते ते काम. करणाऱ्याची पदवी तेथे विचारात येत नाही. अनुभवातून वा प्रशिक्षणातून आलेले कसब ज्या कामाला लागते ते कुशल काम. या मापाने नववी झालेले जुने सेल्समन कुशल ठरावयास हवेत, आणि काल आलेल्या पदव्युत्तर तरुणाला तो मान अजून मिळवावयाचा आहे. याउलट २०२४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत विद्यावेतन शिक्षणानुसार ठरविण्यात आले : बारावी उत्तीर्ण असल्यास दरमहा ६,००० रुपये, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधर वा पदव्युत्तरास १०,००० रुपये. प्रशिक्षणार्थी अजून काम शिकतो आहे, तेव्हा त्याच्याजवळ तोलण्यासारखे शिक्षणच असते, म्हणून तेथे तो तराजू योग्य आहे. दुकानातील तरुणाची चूक एवढीच, की तो दुसऱ्या तराजूत उभा राहून पहिल्या तराजूतील वजन मागत असतो. ते मिळणार नाही. पण ज्या तराजूत तो उभा आहे त्यात त्याला कोणत्या वर्गात धरले आहे, ताशी दर किती पडतो, आणि जादा तासांचा हिशेब कोठे मांडला आहे, हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. असे विचारण्यास पुष्कळ सुशिक्षित संकोचतात. ‘आपण थोडेच येथे कायमचे आहोत’ या समजुतीने ते गप्प राहतात, आणि त्यांच्या गप्प राहण्याचा तोटा कायमचे असलेल्यांनाही सोसावा लागतो.

‘कायमचे नाही’ या समजुतीविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी राज्यात कमाल वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गास ३८ आणि मागासवर्गीयांस ४३ वर्षे आहे. या मर्यादेने अनेकांना न्याय मिळाला. परंतु पुढच्या वर्षी नक्की होईल या आशेवर एकेक वर्ष ढकलणेही तिच्यामुळे सोपे झाले. २७ व्या वर्षी तात्पुरते म्हणून धरलेले काउंटर ३५ व्या वर्षीही तात्पुरतेच असते. ते तात्पुरते असल्यामुळे त्यात शिकण्यासारखे काही शिकले जात नाही, आणि पगारवाढही मागितली जात नाही. यापेक्षा किती प्रयत्न करावयाचे हे आधीच ठरवून एखाद्या कागदावर लिहून ठेवलेले बरे. शिक्षण लपवून ‘बारावी’ असे सांगून काम मिळविणारेही आहेत. मालकाला शंका येऊ नये म्हणून ते असे करतात. पण लपविलेल्या पदवीचा उपयोग कोणालाच होत नाही, आणि ती लपविण्याचे ओझे मात्र रोज वाहावे लागते. ‘परीक्षेपर्यंत, म्हणजे अमुक महिन्यापर्यंत येईन, तोवर मनापासून काम करीन, परीक्षेआधीचा एक महिना सुटी लागेल’ असे पहिल्याच दिवशी सांगणारा तरुण मालकालाही सोयीचा असतो, कारण त्याला दुसऱ्या माणसाची व्यवस्था वेळेवर करता येते.

आईला मात्र खरे काय ते सांगावे. संध्याकाळच्या ‘कंपनी’चे नाव ती केव्हातरी विचारणारच आहे. दुकानाचे नाव सांगितले तर कदाचित पुढच्या लग्नसराईत ती स्वतःच पुण्याला येईल आणि त्याच काउंटरपुढे बसेल. आणि आपल्या मुलाने पैठणीचा पदर उलटा करून दाखविला, तर ‘अरेरे’ असे ती तरी म्हणणार नाही.

दिवाळी सरली, की हंगामासाठी घेतलेल्या मुलांचे हिशेब चुकते केले जातात. त्या वेळी बहुतेक दुकानांत एक चिठ्ठी मिळते किंवा तीही मिळत नाही. मिळालीच तर तिच्यावर ‘सदर इसमाने आमचेकडे काम केले आहे’ इतकाच मजकूर असतो. येथे जमलेल्या दुकानदारांनी यंदा त्या कागदावर आणखी चार ओळी लिहाव्यात : किती महिने आणि रोज किती तास काम केले, कोणत्या मालाची माहिती करून घेतली, रोजच्या विक्रीचा हिशेब कितपत चोख ठेवला, आणि नव्या मुलांना काय शिकविले. शेजारच्या जुन्या सेल्समनना तर इतक्या वर्षांत असा कागद कोणी दिलेलाच नसेल. त्यांचा आधी लिहावा.